डोळा तिरळा, दुखणं मेंदूत: क्षयाच्या मेंदूज्वरात एकाचे दोन का दिसतात?

दोन आठवडे बारीक ताप. संध्याकाळी कणकण, डोकं ठणकतं, जेवण जात नाही, अधूनमधून उलटी. व्हायरल म्हणून गोळ्या झाल्या, टायफॉइड म्हणून सलाइन झालं. मग एका सकाळी माणूस म्हणतो, "समोरून एक बस येतेय, पण मला दोन दिसतात." घरचे त्याला चष्म्याच्या दुकानात नेतात. नंबर तपासला जातो, नंबर ठीक निघतो, "अशक्तपणामुळे होत असेल" असं ठरतं आणि आणखी एक आठवडा जातो.

हा आठवडा फार महागात पडू शकतो. ताप आणि डोकेदुखीच्या मागोमाग नव्यानं आलेला तिरळेपणा किंवा दोन-दोन दिसणं हा बहुतेक वेळा डोळ्याचा आजार नसतो. डोळा धडधाकट असतो, त्याला हलवणारा स्नायूही धडधाकट असतो. बिघाड असतो तो मेंदूच्या तळाशी, त्या स्नायूपर्यंत हुकूम नेणाऱ्या नसेत. आपल्याकडे या प्रसंगात सगळ्यात आधी ज्याची शंका घ्यावी असा आजार म्हणजे मेंदूच्या आवरणाचा क्षय, म्हणजेच टीबी मेनिन्जायटिस. म्हणून इथं मुख्यतः त्याच्याबद्दल, आणि त्याच्यासारखी सोंगं घेणाऱ्या इतर आजारांबद्दल थोडक्यात.

दोन डोळे, एक कासरा

प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू चिकटलेले असतात: चार सरळ, दोन तिरके. या सहांना मेंदूकडून तीन नसा येतात. डॉक्टर त्यांना तिसरी, चौथी आणि सहावी क्रेनियल नर्व्ह म्हणतात. तिसरीवर सर्वांत जास्त काम आहे. डोळा नाकाकडे, वर आणि खाली नेणारे स्नायू आणि एक तिरका स्नायू तिच्याकडे. शिवाय वरची पापणी उचलणं आणि उजेडात बाहुली बारीक करणं हेही तिचंच. चौथी नस एकच तिरका स्नायू चालवते. त्याचा मुख्य उपयोग जिना उतरताना किंवा वाचताना नजर खाली नेण्यासाठी होतो. सहावीकडेही एकच स्नायू असतो, डोळा कानाच्या बाजूला नेणारा.

दोन्ही डोळे बैलजोडीसारखे चालतात. उजवीकडे बघायचं असेल तर उजव्या डोळ्याचा कानाकडचा आणि डाव्या डोळ्याचा नाकाकडचा स्नायू एकाच क्षणी, एकाच जोरानं ओढला गेला पाहिजे. एका बाजूचा कासरा ढिला पडला की जोडी फाकते, दोन्ही डोळे वेगवेगळ्या ठिकाणी रोखले जातात आणि मेंदूला एकाच वस्तूची दोन चित्रं मिळतात. कासरा धरणारा हात मेंदूस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात असतो. आडव्या हालचालीचं केंद्र मेंदूस्तंभाच्या मधल्या भागात, म्हणजे पॉन्समध्ये आहे. वर-खाली हालचालीचं केंद्र त्याच्या वरच्या मध्यमेंदूत आहे. नजर नेमकी किती अंतरावर थांबवायची तो नेम लहान मेंदू साधतो. बिघाड यांपैकी कुठं आहे यावर डोळा कसा वागेल ते ठरतं, आणि जाणकार डॉक्टर उलट दिशेनं जातो: डोळ्याचं वागणं बघून जागा ओळखतो.

सहावी नसच आधी का जाते?

ही नस पॉन्सच्या खालच्या कडेला बाहेर पडते, कवटीच्या तळाच्या उतारावरून वर चढते, मेंदूचं जाड आवरण भेदते, कानाच्या आतल्या हाडाच्या टोकाशी एका अरुंद फटीतून वळण घेते आणि मग डोळ्यामागच्या रक्ताच्या पोकळीतून खोबणीत शिरते. म्हणजे दोन्ही टोकांना ती जखडलेली असते आणि मध्ये हाडाच्या कडेवर तिला बाक असतो. डोक्यातला दाब वाढून मेंदू किंचितसा खाली सरकला तरी ती ताणली जाते. नसेजवळ गाठ नाही, पू नाही, काहीच नाही, तरी नस लुळी. जेम्स कॉलियर या इंग्लिश डॉक्टरनं १९०४ मध्ये अशा खुणांना "चुकीची जागा दाखवणारी खूण" म्हटलं, कारण त्या खऱ्या बिघाडाच्या जागेकडे बोट दाखवत नाहीत. पण दाब वाढलाय एवढं मात्र त्या ओरडून सांगतात. दोन्ही बाजूंची सहावी नस एकाच वेळी लुळी पडली असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत डोक्यात दाब वाढला आहे असंच धरून चालावं.

क्षयाच्या मेंदूज्वरात या नसेवर दोन बाजूंनी घाला येतो. फुप्फुसातून रक्तावाटे आलेले क्षयाचे जंतू मेंदूच्या पृष्ठभागाजवळ बारीक गाठ करून बसतात. आर्नल्ड रिच आणि हॉवर्ड मकॉर्डॉक यांनी १९३३ मध्ये दाखवलं, की अशी गाठ फुटून मेंदूभोवतीच्या पाण्यात मोकळी झाली की आवरणाला सूज येते. हा स्राव पातळ नसतो. भाताच्या खळीसारखा घट्ट, चिकट थर मेंदूच्या तळाशी साचतो, आणि नेमक्या त्याच जागेतून डोळ्याच्या नसा जातात. त्यात त्या गुरफटतात, सुजतात. हाच थर मेंदूतल्या पाण्याचा निचरा बंद करतो. प्रौढ माणसाच्या मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं. ते वाहून गेलं नाही की मेंदूतल्या पोकळ्या फुगतात आणि दाब चढतो. याला आपण मेंदूत पाणी होणं म्हणतो. तळाच्या रक्तवाहिन्याही याच थरात सुजून बंद पडतात, तेव्हा मेंदूस्तंभात किंवा खोल भागात छोटा पक्षाघात होतो. कधीकधी क्षयाची गाठच मेंदूस्तंभात वाढते. म्हणजे डोळा एकच तिरळा झालेला असतो, पण त्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात आणि चौघांचे उपाय थोडे वेगळे आहेत. "टीबीमुळे डोळा गेला" एवढं निदान म्हणूनच पुरेसं नसतं.

या आजाराची तीव्रता तीन पायऱ्यांत मोजतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलनं १९४८ मध्ये वापरलेली ही पद्धत थोड्या सुधारणा होऊन आजही चालते. शुद्ध पूर्ण आणि नसेचा कुठलाही दोष नाही ही पहिली पायरी. शुद्ध पूर्ण असली, पण एखादी नस लुळी पडली किंवा हातापायात कमजोरी आली, की दुसरी. गुंगी वाढून रुग्ण बेशुद्धीकडे गेला की तिसरी. म्हणजे माणूस अजून चालत-बोलत असला, तरी डोळा तिरळा झाला त्या दिवशी तो पहिलीवरून दुसरीवर गेलेला असतो. उपचार ज्या पायरीवर सुरू होतात, त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. डोळ्याच्या खुणेला इतकं वजन आहे ते यासाठी.

घरी काय बघायचं

पहिलं काम सोपं आहे. एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दोनाचं एक झालं, तर दोष दोन्ही डोळ्यांच्या जुळणीत आहे, म्हणजे नस, स्नायू किंवा मेंदू. एकच डोळा उघडा असूनही दोन किंवा सावलीसारखं दिसत राहिलं, तर दोष त्या डोळ्यातच आहे: चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, कोरडेपणा. चष्म्याच्या दुकानात जायचं ते फक्त या दुसऱ्या प्रकारात.

पुढचा प्रश्न: दोन चित्रं शेजारी-शेजारी आहेत, एकावर एक आहेत की तिरपी? शेजारी-शेजारी, लांबचं पाहताना जास्त फाकणारी, हातातलं पुस्तक वाचताना जवळपास एक होणारी चित्रं म्हणजे सहावी नस. उजवी नस गेली असेल तर उजवीकडे पाहताना अंतर वाढतं आणि डावीकडे पाहताना चित्रं एक होतात. म्हणूनच असा माणूस नकळत चेहरा दुखऱ्या बाजूला वळवून बसतो. तसं केलं की त्या स्नायूला काम पडत नाही. एकावर एक किंवा तिरपी चित्रं, जिना उतरताना पायरी चुकणं आणि डोकं एका खांद्याकडे कललेलं असणं ही चौथी नस. आणि पापणी खाली आलेली, उचलून पाहिली तर डोळा बाहेर आणि थोडा खाली रोखलेला, बाहुली मोठी, ही तिसरी. इथं एक फसगत होते: पडलेल्या पापणीनंच डोळा झाकला गेल्यामुळे रुग्ण दोन दिसल्याची तक्रारच करत नाही. तापाच्या रुग्णाची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली आणि तो गुंगीत जात असेल, तर ते मेंदूवरच्या दाबाचं लक्षण असू शकतं. त्या वेळी पुढं सांगितलेली पेनची तपासणी करत बसू नये, थेट इस्पितळ गाठावं.

हालचाल बघायची असेल तर रुग्णाला समोर बसवा, हनुवटी एका हातानं स्थिर धरा, आणि साधारण ४० सेंटिमीटर अंतरावर पेन धरून आधी पूर्ण उजवीकडे, तिथून वर-खाली, मग पूर्ण डावीकडे, तिथून वर-खाली न्या. डोळा कानाकडे पूर्ण वळला की काळ्या भागाची कड बाहेरच्या कोपऱ्याला टेकते आणि तिथं पांढरं उरत नाही. एका बाजूला पांढरी फट उरली आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फट उरलेला डोळा कमजोर.

लहान मुलं "दोन दिसतात" असं सांगत नाहीत. ती एक डोळा मिचकावतात, खेळणं उचलताना हात बाजूला पडतो, चालताना अडखळतात, मान एकीकडे वळवून टीव्ही बघतात. मुलाच्या समोर हातभर अंतरावर टॉर्च धरा: प्रकाशाचा ठिपका प्रत्येक बाहुलीच्या मधोमध पडला पाहिजे. एका डोळ्यात तो कानाकडे सरकलेला असेल तर तो डोळा आत वळला आहे. नाकाचा मधला भाग रुंद असलेली बाळं नुसतीच तिरळी वाटतात, त्यांचा ठिपका मात्र मधोमधच असतो. आणखी एक उपाय प्रत्येक घरात आहे: मोबाइलमधले मागच्या सहा महिन्यांचे फोटो. तिरळेपणा जुना की नवा हे त्यातून मिनिटभरात कळतं, म्हणून डॉक्टरांकडे जाताना ते काढून ठेवा. तापानं थकलेल्या मुलात जुना लपलेला तिरळेपणा उघडा पडू शकतो हे खरं, पण तो कुठल्याही दिशेला पाहिलं तरी साधारण सारखाच राहतो. नस गेल्याचा तिरळेपणा एका दिशेला वाढतो आणि दुसऱ्या दिशेला नाहीसा होतो.

काही घरांत बारीकसा तिरळेपणा भाग्याचा मानतात. जन्मापासूनच्या तिरळेपणाबद्दलही हा समज चुकीचाच आहे. आणि चिडचिडं, सुकत चाललेलं, आठ-दहा दिवस तापलेलं, खेळणं सोडून बसलेलं मूल तिरळं बघायला लागलं, तर तो समज जिवावर बेतू शकतो. बीसीजीची लस झालेल्या मुलांना हा आजार कमी होतो, होतच नाही असं नाही.

डोळे वर जाईनात तेव्हा

नस जशी लुळी पडते तसं मेंदूतलं केंद्रही बिघडू शकतं. मेंदूत पाणी होऊन मागचा भाग फुगला की मध्यमेंदूवर दाब येतो आणि दोन्ही डोळे वर जायचे थांबतात. लहान बाळात वरच्या पापण्या ओढल्या जातात, डोळे खाली खिळतात आणि बुबुळाच्या वर पांढरी पट्टी दिसते. याला मावळत्या सूर्याची खूण म्हणतात. टाळू भरून आली असेल, डोक्याचा घेर वाढत असेल आणि ही खूण दिसली, तर त्याच दिवशी इस्पितळ.

दुसरा प्रकार बारीक पक्षाघाताचा. पॉन्समधल्या आडव्या नजरेच्या केंद्रातून एक तंतूंचा जुडगा मध्यरेषा ओलांडून तिसऱ्या नसेच्या केंद्राकडे जातो. तो जुडगा तुटला, तर डावीकडे पाहताना डावा डोळा जातो पण थरथरतो, आणि उजवा डोळा नाकाकडे येतच नाही किंवा रेंगाळत येतो. त्याच रुग्णाला नाकाजवळ आणलेल्या बोटाकडे बघायला सांगितलं तर तोच उजवा डोळा अनेकदा व्यवस्थित आत येतो. स्नायू आणि नस शाबूत आहेत, बिघाड फक्त त्यांना जोडणाऱ्या दोरीत आहे, हे त्यावरून कळतं. लहान मेंदू बिघडला की डोळे लुळे पडत नाहीत, त्यांचा नेम चुकतो: नजर पुढं निघून जाते आणि परत येते, किंवा एका बाजूला पाहताना बुबुळ लयीत झटके देतं.

पाठीचं पाणी

निदानाची मुख्य तपासणी म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं, आणि नेमकी हीच तपासणी नातेवाईक सर्वांत जास्त नाकारतात. "पाठीचं पाणी काढलं की पाय जातात" ही भीती गावात आहे तशी शहरातही आहे. वस्तुस्थिती अशी: मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये टोचतात, जिथं फक्त पाण्यात तरंगणारे नसांचे धागे असतात. शरीरात हे पाणी एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतं आणि तासाला साधारण २० मिलिलिटर नवीन बनतं. म्हणजे तपासणीसाठी काढलेलं १० मिलिलिटर अर्ध्या तासात भरून येतं. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, तेही झोपून राहिलं की कमी होतं. ज्यांचे पाय जातात त्यांचे बहुधा आजारानं जातात, आणि तो आजार वेळेत ओळखायला ही सुई लागते.

मात्र क्रम सांभाळावा लागतो. नस लुळी आहे, शुद्ध कमी होतेय किंवा डोळ्याच्या पडद्यावर सूज आहे, तर आधी सीटी किंवा एमआरआय करतात. मोठी गाठ किंवा धोकादायक दाब नाही याची खात्री झाली की मग पाणी काढतात. रुग्णानं आपणहून सांगावी अशी एक तक्रार इथं महत्त्वाची: वाकल्यावर किंवा उठल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढं अंधार येणं. ते पडद्याच्या सुजेचं लक्षण असू शकतं.

क्षयाच्या मेंदूज्वरात हे पाणी पुवासारखं नसतं, बहुधा स्वच्छच दिसतं. त्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, प्रथिनं दर १०० मिलिलिटरमागे बहुधा १०० ते ५०० मिलिग्रॅमच्या घरात, आणि साखर त्याच वेळच्या रक्तातल्या साखरेच्या निम्म्याहून कमी. म्हणून पाणी काढताना बोटातून रक्तातली साखरही तपासायला हवी. ती नसेल तर पाण्यातल्या साखरेचा आकडा वाचताच येत नाही, विशेषतः मधुमेही रुग्णात. सीबीनॅट या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत काही तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का हे दोन्ही कळतं. पण पाण्यात जंतू फार थोडे असतात. प्रौढात प्रयोगशाळेत किमान ६ मिलिलिटर तरी पाठवावं आणि ते फिरवून तळाचा गाळ तपासावा. एक-दोन मिलिलिटरवर "निगेटिव्ह" आलेल्या अहवालाला फार अर्थ नाही. अहवाल निगेटिव्ह आला म्हणून क्षय नाही असंही म्हणता येत नाही. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, सहा आठवडे लागू शकतात, आणि तोवर कुणी थांबू नये. लक्षणं, पाणी आणि स्कॅन जुळत असतील तर जाणकार डॉक्टर पुराव्याची वाट न बघता औषधं सुरू करतात. तो उतावीळपणा नव्हे, या आजारात तोच शहाणपणा आहे.

औषधं, आणि मध्येच बिघडणारा डोळा

पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढं पायराझिनामाइड थांबवून उरलेली, एकूण साधारण १२ महिने. फुप्फुसाच्या क्षयाला सहा महिने पुरतात म्हणून शेजाऱ्याचा कोर्स बघून हा कोर्स थांबवायचा नाही. सरकारी क्षयकेंद्रात औषधं मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते.

औषधांइतकंच महत्त्वाचं आहे स्टिरॉइड. आपल्याकडे स्टिरॉइड म्हटलं की लोक बिचकतात. पण इथं सूजच नसा आणि रक्तवाहिन्या बंद करते, म्हणून सूज उतरवावीच लागते. व्हिएतनाममध्ये १४ वर्षांवरच्या ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिळालेल्यांत नऊ महिन्यांत सुमारे ३२ टक्के दगावले, न मिळालेल्यांत ४१ टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या प्रौढाला सुरुवातीला दर किलो वजनाला रोज ०.४ मिलिग्रॅम शिरेतून देतात आणि सहा ते आठ आठवड्यांत उतरवत आणतात. एचआयव्ही असलेल्यांत असा स्पष्ट फायदा दिसलेला नाही, तिथं निर्णय डॉक्टरांचा. बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड अचानक बंद करू नये: सूज उसळते, आणि शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं थंडावलेलं असतं तेही घातक ठरतं.

पाणी जास्त झालं असेल तर शस्त्रक्रियेनं शंट बसवतात, म्हणजे मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून पोटात उतरणारी बारीक नळी. दाब उतरल्यावर सहावी नस पुष्कळदा काही आठवड्यांत सुधारायला लागते. उलट, शंट बसवलेल्या मुलाचा डोळा पुन्हा आत वळला, उलट्या आणि डोकेदुखी आली, तर नळी तुंबली असं समजून त्याच दिवशी न्यूरोसर्जन गाठावा.

आता सगळ्यात गोंधळाची गोष्ट. औषधं नीट चालू असताना, ताप उतरलेला असताना, महिन्या-दोन महिन्यांनी नव्यानं डोळा तिरळा होतो. घरच्यांना वाटतं औषध लागू पडत नाही, आणि ते डॉक्टर बदलतात. पुष्कळदा हे मेलेल्या जंतूंवर शरीरानंच केलेलं जोरदार आक्रमण असतं. क्षयाची गाठ तात्पुरती वाढते किंवा नवी उमटते. तेव्हा औषधं थांबवायची नसतात, स्टिरॉइड वाढवावं लागतं. अर्थात हे ठरवण्याआधी स्कॅन, शंट, आणि औषधाला न जुमानणारा क्षय या तिन्ही गोष्टी तपासून झाल्या पाहिजेत.

इथंच दोन वेगळ्या तक्रारी वेगळ्या ओळखाव्यात. इथॅम्ब्युटॉल डोळ्याची हालचाल बिघडवत नाही. ते नजरेची नस बिघडवू शकतं: दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं, लाल रंग फिका वाटतो, हिरव्या-लालमध्ये गफलत होते. दर महिन्याला एकेक डोळा झाकून त्याच कॅलेंडरवरचे त्याच अंतरावरून अंक वाचून पाहावेत आणि लाल रंग तितकाच गडद दिसतो का ते बघावं. फरक वाटला तर पुढच्या तारखेची वाट न बघता सांगावं. उलट्या पुन्हा सुरू झाल्या तर दोन प्रश्न विचारावेत: दाब वाढला का, की औषधानं यकृत सुजलं? पहिल्यासाठी स्कॅन, दुसऱ्यासाठी यकृताची रक्ततपासणी.

क्षय नसेल तर?

पन्नाशीपुढच्या मधुमेही माणसाची सहावी नस बारीक रक्तवाहिनी बंद होऊनही जाते आणि साधारण तीन महिन्यांत आपोआप परत येते. म्हणून "शुगरमुळे झालंय" हे वाक्य सहज बोललं जातं. ताप, उतरणारं वजन, वाढती डोकेदुखी, उलट्या किंवा दुसरीही नस गुंतलेली असेल, तर ते वाक्य स्वीकारू नये. मधुमेह्याला क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्तच असते.

मुलाचा कान वाहतोय, त्याच बाजूला डोळ्यामागं दुखतंय आणि तोच डोळा आत वळलाय, तर कानाची लागण हाडाच्या टोकापर्यंत, सहावी नस जिथं वळते तिथवर पोचली आहे. घरगुती तेल न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. २०२१ मध्ये कोरोनानंतर महाराष्ट्रानं पाहिलेल्या म्युकरमायकोसिसमध्ये बुरशी सायनसमधून डोळ्यामागं शिरायची. तिथं तिन्ही नसा शेजारी-शेजारी असल्यानं डोळा सगळ्याच दिशांना गोठायचा, गाल आणि कपाळ बधिर व्हायचं. पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होणाऱ्या सिस्टिसरकोसिसमध्ये गाठ मेंदूत किंवा थेट डोळ्याच्या स्नायूत होते. ही अंडी न धुतलेल्या भाजीवाटे पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. यात एक नियम मोडू नये: अल्बेंडाझोल सुरू करण्याआधी नेत्रतज्ज्ञानं बाहुली मोठी करून डोळ्याच्या आत अळी नाही हे बघितलंच पाहिजे. डोळ्यात अळी असताना ती औषधानं मेली तर जी सूज येते, त्यात दृष्टी जाऊ शकते.

डोळे सगळ्या दिशांना न थांबता नाचायला लागले, तर लागणीनंतर बिघडलेल्या प्रतिकारशक्तीचा तो परिणाम असू शकतो. स्क्रब टायफसमध्येही असं दिसलेलं आहे, आणि तो ताप विदर्भाला आता अनोळखी नाही. लहान मुलात मात्र शरीरात दडलेल्या न्यूरोब्लास्टोमा या गाठीचा शोध घ्यावाच लागतो. फार दिवस उलट्या झालेल्या माणसात डोळे अडकणं, झटके देणं आणि तोल जाणं हे जीवनसत्त्व बी-१ संपल्यानंही होतं. ते शिरेतून दिलं की काही तासांत फरक पडू लागतो, म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवण्याआधी बी-१ द्यावं.

आणि डोळे एकाएकी वर खिळले, मान वाकडी झाली, पण मूल पूर्ण शुद्धीत आहे, तर आधी बघावं की उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन किंवा गोळी दिली होती का. ही त्या औषधाची प्रतिक्रिया असते, प्रोमेथाझिनसारख्या औषधानं लवकर उतरते.

नस परत येईपर्यंत

सहावी नस परत यायला काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत वेळ लागतो. तोवर दोन चित्रांनी चक्कर, मळमळ आणि पडण्याची भीती असते. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे साध्या चष्म्याच्या एका काचेवर आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावणं. प्रौढानं दुखऱ्या डोळ्यावर लावली तरी चालते. आठ वर्षांखालच्या मुलात मात्र हे नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये: त्या वयात वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू दाबून टाकतो आणि डोळा आळशी बनतो, म्हणून तिथं उलट चांगला डोळा ठरावीक तास झाकावा लागतो. तिरळेपणाचा कोन थोडा असेल तर काचेवर प्लॅस्टिकचं पातळ फ्रेस्नेल प्रिझम चिकटवतात, ते प्रकाश वळवून दोन्ही चित्रं एकत्र आणतं. कोन बदलला की तेही बदलता येतं. चष्म्यात कायमचं प्रिझम घडवून घ्यायची घाई करू नये. दोन दिसत असेपर्यंत दुचाकी आणि गाडी बंद, आणि एक डोळा झाकूनही चालवायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण अंतराचा अंदाज गेलेला असतो.

दर महिन्या-दीड महिन्यानं लाल-हिरवा चष्मा लावून केलेला हेस चार्ट, म्हणजे डोळ्यांच्या हालचालीचा आलेख, काढून ठेवावा. नस सुधारतेय की थांबलीये हे रुग्णाच्या सांगण्यापेक्षा त्या आलेखावर स्वच्छ दिसतं. सहा महिने उलटले, लागोपाठच्या दोन-तीन चार्टमध्ये फरक नाही आणि क्षयाचा उपचार नीट चालू आहे, तेव्हाच तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याआधी ताणलेल्या नाकाकडच्या स्नायूत स्नायू तात्पुरता ढिला करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देऊन तो आखडू न देणं हा मधला मार्ग आहे. शस्त्रक्रियेनंतर समोर आणि वाचताना एकच दिसणं हे साधता येतं. लुळ्या बाजूला टोकापर्यंत पाहताना दोन दिसत राहू शकतात, आणि हे आधीच सांगितलेलं असलं म्हणजे रुग्ण त्या बाजूला डोळ्याऐवजी मान वळवायला शिकतो.